केसाळ कपबशी

१९३६ सालच्या जून महिन्यात लंडनच्या पिकॅडिली भागात दोन चित्रप्रदर्शने एकमेकांकडे जणू पाठ करून उभी होती. हमरस्त्यावरच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये रॉयल अकादमीचे वार्षिक उन्हाळी प्रदर्शन भरले होते. तेथे कोणते चित्र कशाचे आहे, याविषयी फारशी शंका कोणाला पडत नसे. त्याच वास्तूच्या मागील अंगास बर्लिंग्टन गार्डन्स नावाचा रस्ता आहे. तेथील न्यू बर्लिंग्टन गॅलरीज या दालनांत ११ जून रोजी फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ यांच्या हस्ते दुसऱ्या एका प्रदर्शनाचे उद्घाटन झाले. 'आंतरराष्ट्रीय अतिवास्तववादी प्रदर्शन' हे त्याचे नाव. पहिल्याच दिवशी एवढी गर्दी लोटली की पिकॅडिलीवरील वाहतूक खोळंबली, असे सांगतात. ४ जुलैस ते बंद झाले, तोवर सुमारे २३,००० लोक ते पाहून गेले होते. म्हणजे दिवसाकाठी सरासरी हजार माणसे त्या दालनांतून फिरली, थबकली, हसली, चिडली आणि मुख्य म्हणजे बोलली.

त्या बोलण्याचाच विचार येथे करावयाचा आहे. चित्रांचा इतिहास ग्रंथांत लिहिला जातो. चित्रांपुढे उभे राहून माणसे एकमेकांशी जे बोलतात, त्याचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. परंतु काही प्रदर्शने अशी असतात की त्यांतील चित्रे अर्धी भिंतीवर असतात आणि अर्धी पाहणाऱ्यांच्या वादात. लंडनचे हे प्रदर्शन त्यांपैकी एक होते.

अतिवास्तववादाचा जन्म चित्रकारांच्या घरात झालेला नाही. तो कवींच्या घरात झाला. पहिल्या महायुद्धात ब्रेताँ वैद्यकीय सेवेत होता. रणभूमीवरून मन:स्वास्थ्य गमावून परतलेल्या सैनिकांचे असंबद्ध बोलणे त्याने रुग्णालयात जवळून ऐकले, आणि फ्रॉइडच्या विचारांशी त्याचा परिचयही तेथेच झाला. शहाण्यांनी चालविलेल्या युद्धापेक्षा या वेड्यांच्या बोलण्यात अधिक सत्य असावे, असे ज्या पिढीला वाटू लागले, त्या पिढीचा तो प्रतिनिधी होय. १९२४ साली त्याने आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. बुद्धीचा, नीतीचा आणि सौंदर्यविचाराचा पहारा उठवून मनाचा व्यापार जसाच्या तसा प्रकट होऊ द्यावा, हे त्याचे सार. लेखणी भराभर चालवून हे साधण्याचा प्रयत्न तरी करता येतो. पण तैलचित्र रंगवावयास आठवडे लागतात. स्वप्न इतका वेळ कुंचल्याची वाट पाहत कसे थांबणार? ही शंका विरोधकांनी काढलेली नाही. पंथाच्याच मुखपत्रात पिएर नाव्हिल याने १९२५ साली अतिवास्तववादी चित्रकला नावाची वस्तू अस्तित्वातच नाही, असे बजावले होते. त्याच वर्षी पॅरिसमध्ये या पंथाचे पहिले सामुदायिक चित्रप्रदर्शन भरले! घरातील भांडण असे चव्हाट्यावर आणूनच या मंडळींचा संसार चालत असे.

लंडनच्या प्रदर्शनाची कल्पना दोन तरुण इंग्रजांच्या पॅरिसमधील भेटीतून निघाली. एक चित्रकार रोलंड पेनरोज, आणि दुसरा कवी डेव्हिड गॅस्कॉइन. गॅस्कॉइनने १९३५ साली अतिवास्तववादाचा संक्षिप्त परिचय करून देणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्याने वयाची विशीही ओलांडली नव्हती. समीक्षक हर्बर्ट रीड, शिल्पकार हेन्री मूर, चित्रकार पॉल नॅश हे त्यांना येऊन मिळाले. चौदा देशांतील साठांहून अधिक कलावंतांच्या सुमारे ३९० कृती गोळा झाल्या. पिकासो, पाउल क्ले, मॅक्स अर्न्स्ट, मिरो, मॅग्रित, तांगी, दाली, ब्रांकुशी असे नामांकित तर होतेच. शिवाय आफ्रिकेतील व प्रशांत महासागरातील बेटांवरील मूर्ती, मुलांनी काढलेली चित्रे आणि मनोरुग्णांची चित्रेही त्यांच्याच पंक्तीला बसविली होती. मांडणी अखेरच्या घटकेस बेल्जियमच्या मेसेन्स याने बदलली. थोराशेजारी लहान आणि गंभीराशेजारी गमतीचे, अशी त्याची रीत. प्रेक्षकाची नजर एका जागी स्थिरावू नये, हाच हेतू.

आता निवडीचा प्रश्न. जो पंथ सर्व पहारे उठवावयास निघाला होता, त्यालाही दारावर पहारेकरी बसवावा लागलाच. आयलीन एगर या चित्रकर्तीच्या घरी रीड व पेनरोज गेले, त्यांनी तिची चित्रे पाहिली आणि ती अतिवास्तववादी असल्याचे ठरवून टाकले. त्यापूर्वी आपण तशा आहोत, हे त्या बाईंना ठाऊक नव्हते! उलट, फ्रान्सिस बेकन नावाच्या एका तरुणाचे काम पुरेसे अतिवास्तव नाही म्हणून परत गेले. हाच बेकन पुढे विसाव्या शतकातील सर्वांत अस्वस्थ करणाऱ्या चित्रकारांत गणला गेला. डेन्मार्कच्या विल्हेल्म फ्रेडीची चित्रे तर दालनापर्यंत पोहोचलीच नाहीत. ती अश्लील ठरवून ब्रिटिश जकातखात्याने अडकवून ठेवली. सरकारी अधिकाऱ्याला कलासमीक्षक व्हावे लागले की काय होते, याचे हे एकमेव उदाहरण नव्हे. १९२६ साली ब्रांकुशीचा एक ब्राँझचा पक्षी अमेरिकेत उतरला, तेव्हा तेथील जकात अधिकाऱ्यांनी त्याला स्वयंपाकघरातील भांडी व इस्पितळातील सामान यांच्या सदरात घातले होते. ती कलाकृती आहे, असा निवाडा १९२८ साली न्यायालयातून मिळवावा लागला. अधिकाऱ्यांच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की त्यांनी त्या वस्तूकडे दुर्लक्ष केले नाही. हाताळून, उलटसुलट करून त्यांनी काही एक मत बनविले. दालनातून घाईने फिरून 'छान आहे' म्हणणाऱ्या रसिकाने तेवढेही केलेले नसते.

आत शिरलेल्या रसिकांचे बोलणे मात्र त्वरित कोणत्या तरी ठरावीक चाकोरीत पडे. 'याचा अर्थ काय?' हा पहिला प्रश्न, आणि तो विचारणाऱ्यास उत्तर देणारा कोणी तरी शेजारी उभा असेच. त्याने फ्रॉइडचे पुस्तक वाचलेले असे, निदान त्याविषयी ऐकलेले असे. मग छत्री म्हणजे अमुक, जिना म्हणजे तमुक, असा कोश उघडला जाई. स्वप्नांचे अर्थ सांगणाऱ्या आपल्याकडील जुन्या पोथ्यांत हत्ती दिसला तर राज्यलाभ आणि दात पडले तर आप्तवियोग, असे कोष्टक असते. या नव्या कोशाची जात त्याहून फारशी निराळी नव्हती. दुसरा एक वर्ग या सगळ्याची चेष्टा करण्यासाठीच आलेला असे. बहुतेक वृत्तपत्रांचाही सूर थट्टेचाच होता. आणि तिसरे असत अंतरंगातले भक्त. त्यांना काही विचारले की ते नुसते स्मित करीत. त्यांच्या मते हे समजावयाचे नव्हतेच, ते केवळ अनुभवावयाचे होते. कोशवाल्याने चर्चा संपविली ती उत्तर देऊन. भक्ताने संपविली ती उत्तर नाकारून.

या दोघांचीही ज्या एका वस्तूपुढे पंचाईत होत असेल, ती होती मेरेट ओपेनहाइम हिची कपबशी. पेला, बशी आणि चमचा. तिन्ही चिनी गझेल हरणाच्या केसाळ कातड्याने मढविलेले. एवढेच. ओपेनहाइम त्या वेळी बावीस वर्षांची होती. पॅरिसच्या एका उपाहारगृहात पिकासो व डोरा मार यांच्याशी ती बोलत बसली होती. तिच्या हातातील केसाळ कातड्याने मढविलेल्या कंकणावरून विषय निघाला. कोणतीही वस्तू अशी मढविता येईल, असे पिकासो म्हणाला, आणि समोरच्या कपबशीकडे पाहून तिने तो धागा पुढे नेला. त्यानंतर बाजारातून एक साधी कपबशी विकत आणून तिने ते करूनही दाखविले. म्हणजे मुळात हा चहाच्या टेबलावरील विनोद! त्यात रेखाटनाचे कौशल्य नाही, रंगांची जाण नाही, वर्षानुवर्षांची साधना नाही. 'हे तर कोणीही करील,' असे कोणी म्हटले, तर तेही खोटे नाही.

आणि तरीही त्या वस्तूपुढे उभे राहिल्यावर एक गोष्ट घडते. ती बुद्धीत घडत नाही, ओठांवर घडते. पेला ही ओठांशी नाते असलेली वस्तू आहे. तो पाहताच गरम, गुळगुळीत, ओले अशा संवेदनांची आठवण शरीराला आपोआप होते. त्याच क्षणी जिभेवर केस आल्याचा भास होतो आणि अंगावर शहारा येतो. बशीत चहा ओतून भुरके मारण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना तर हा शहारा अधिकच जाणवेल. मऊ कातडे हाताला सुखद आणि चहा जिभेला सुखद. दोन सुखे एकत्र आणली, तर त्यांची किळस व्हावी, हे कोणत्या तर्काने सांगता येईल? येथे छत्री म्हणजे अमुक हा कोश चालत नाही, कारण पेला येथे पेल्याच्याच जागी आहे. आणि गूढ स्मितही चालत नाही, कारण जे घडले ते स्पष्ट शब्दांत सांगता येण्याजोगे आहे.

या कृतीला 'केसाळ कातड्यातील भोजन' अशा अर्थाचे फ्रेंच नाव ब्रेताँने दिले. लंडनहून ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयातील प्रदर्शनात गेली. पुढे ती त्या संग्रहालयाचीच झाली आणि जगप्रसिद्ध झाली. तिच्या कर्तीला मात्र ही कीर्ती सुखाची झाली नाही. जी ती त्या एका पेल्याविषयीच विचारणा करी. १९३७ नंतर जवळजवळ सतरा वर्षे तिच्या मनाने उभारीच धरली नाही. केलेले काम ती अपुरे टाकी वा मोडून टाकी. बावीसाव्या वर्षीचा एक विनोद माणसाला किती महागात पडू शकतो, हे कोणत्याही समीक्षकाने त्या दालनात वर्तविले नव्हते.

चित्रांचे काय? तेथे वाद अधिक कठीण होता. अर्न्स्टने १९२५ साली लाकडी फळ्यांवर कागद ठेवून त्यावर शिसे घासले आणि उमटलेल्या रेषांतून त्याला अरण्ये व पक्षी दिसू लागले. येथे हाताने मनाच्या पुढे जावे, ही अपेक्षा खरी ठरते. दाली, मॅग्रित, तांगी यांची गोष्ट उलट. त्यांची चित्रे इतकी नेटकी, इतकी काटेकोर असतात की रॉयल अकादमीच्या एखाद्या सभासदानेही हाताच्या सफाईबद्दल त्यांना शाबासकी द्यावी. वस्तू असंभाव्य, पण तिचे चित्रण मात्र अगदी जुन्या शिस्तीचे. मॅग्रित तर चित्र पुरे झाल्यावर मित्रांना बोलावून त्यांच्याकडून शीर्षके सुचवून घेई. शीर्षकाने चित्राचा उलगडा होऊ नये, अशी दक्षता त्यात असे. म्हणजे 'अर्थ काय?' या प्रश्नाला चित्रकारानेच आधी हुलकावणी देऊन ठेवलेली.

मग ही स्वप्ने खरी की बनावट? या वादात सर्वांत अधिकारी मत पुढे दोन वर्षांनी मिळाले. व्हिएन्नाहून नाझींच्या तडाख्यातून सुटून फ्रॉइड लंडनला आला होता. १९३८ च्या जुलै महिन्यात श्टेफान त्स्वाइग याने दालीला त्याच्या भेटीस नेले. दालीने नार्सिससचे आपले चित्र बरोबर घेतले होते. अतिवास्तववादी ज्याला आपला कुलपुरुष मानीत, तो वृद्ध तोवर त्यांना निव्वळ वेडगळ समजत होता. या तरुण स्पॅनिश माणसाला भेटून आपले मत थोडे बदलावे लागेल, असे त्याने त्स्वाइगला कळविले. परंतु त्याने दालीपुढे जो अभिप्राय दिला, तो अधिक मार्मिक आहे. जुन्या आचार्यांच्या चित्रांत आपण अबोधाचा शोध घेतो, तुमच्या चित्रांत मात्र बोधपूर्वक केलेल्या गोष्टींचा, असा त्याचा आशय होता. दालीच्या पक्षाला हा आघात होता. पण कला म्हणून पाहिले, तर ही निंदा मानण्याचे कारण नाही. स्वप्न पडणे ही कला नव्हे. स्वप्न कोणालाही पडते. ते भिंतीवर टिकेल असे मांडणे हे जाग्या माणसाचेच काम.

मराठीत 'अतिवास्तववाद' हा शब्द चित्रांपेक्षा कवितेच्या चर्चेत अधिक रुळला. १९४७ च्या 'काही कविता'नंतर मर्ढेकरांच्या प्रतिमांविषयी बोलताना तो पुष्कळदा वापरला गेला. गंमत अशी की सौंदर्यशास्त्रज्ञ म्हणून मर्ढेकर विरुद्ध टोकाचे होते. कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी बांधलेल्या लयीत असते, अशी त्यांची भूमिका. त्या कसोटीला केसाळ कपबशी कितपत उतरली असती, याची शंकाच आहे. विरोध तीत भरपूर आहे; समतोल मात्र तिने जाणूनबुजून नाकारला आहे.

प्रदर्शनाच्या काळात व्याख्याने झाली. ब्रेताँ बोलला, रीड बोलले, पॉल एल्युआर बोलला. शीला लेग ही तरुणी गुलाबांनी चेहरा संपूर्ण झाकून ट्रफाल्गर चौकात फिरली, आणि तिच्या हातांवर कबुतरे बसलेले छायाचित्र सर्वत्र छापून आले. डिलन टॉमस हा कवी उकळलेल्या दोऱ्यांचा पेला पुढे करून 'हलका हवा की कडक?' असे विचारीत फिरे. एकूण वातावरण जत्रेचे होते. १ जुलैच्या व्याख्यानास दाली आला, तो पाणबुड्याचा पोशाख चढवून. डोक्यावर धातूचे शिरस्त्राण, पायांत शिशाचे जड बूट, हातात बिलियर्डची काठी आणि साखळीला दोन मोठी शिकारी कुत्री. अबोधाच्या तळाशी बुडी मारण्यास पोशाख तर हवाच! तो बोलू लागला, परंतु शिरस्त्राणातून एक शब्दही नीट बाहेर येईना. थोड्या वेळाने तो हातवारे करू लागला. सभागृह हसले, टाळ्या वाजल्या. हातवारे वाढले, तशा टाळ्याही वाढल्या.

दाली गुदमरत होता. शिरस्त्राणात हवा नव्हती, आणि ते घट्ट बसले होते. जवळच्यांच्या ध्यानात हे आले तेव्हा धावाधाव झाली, आणि मोठ्या खटाटोपाने ते काढण्यात आले. प्रेक्षकांना दोष तरी कसा द्यावा? तीन आठवडे त्यांना हेच शिकविले गेले होते की येथे जे दिसते ते तसे नसते. त्यांनी तो धडा उत्तम गिरविला होता.

याच सुमारास डाव्या विचारांच्या तरुणांत या प्रदर्शनावर वेगळीच खडाजंगी चालली होती. ब्रेताँचा दावा असा की अबोधाची मुक्ती ही क्रांतीचीच एक बाजू आहे. रीड यांनी त्याची पाठराखण केली. उलट बाजूस अँथनी ब्लंट हा तरुण समीक्षक होता. जगात बेकारी आणि फॅसिझम यांचे थैमान चालू असता स्वप्नांत बुडी मारणे ही पळवाट आहे, अशी त्याची टीका. या वादाला केवळ तात्त्विक राहण्याची सवड मिळाली नाही. प्रदर्शन बंद झाले ४ जुलैला. १७ जुलैला स्पॅनिश सैन्याच्या बंडाला तोंड लागले. ऑगस्टमध्ये ग्रानाडाजवळ कवी लोर्का याला गोळ्या घालून ठार करण्यात आले. तो दालीचा तरुणपणापासूनचा मित्र. लंडनच्या त्या टाळ्यांना तेव्हा सात आठवडेच झाले होते. स्वत:चाच लचका तोडणाऱ्या एका प्रचंड देहाचे जे चित्र दालीने १९३६ साली रंगविले, त्याच्या नावात 'यादवी युद्धाची पूर्वसूचना' हे शब्द आज आहेत. ते मागाहून जोडले गेले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. अर्थ असा कधी कधी चित्रानंतर चालत येतो.

पेनरोज आणि गॅस्कॉइन त्याच वर्षी बार्सिलोनाला गेले. १९३८ च्या ऑक्टोबरात पेनरोजने त्याच न्यू बर्लिंग्टन गॅलरीजमध्ये एक चित्र आणून लावले. ते होते पिकासोचे 'गेर्निका'. स्पेनमधील निराधारांसाठी मदत गोळा करणे, हा हेतू. या वेळी रस्ता तुंबला नाही. जेथे पेल्यासाठी आणि पाणबुड्यासाठी २३,००० माणसे आली, तेथे बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या गावाच्या चित्रासाठी सुमारे ३,००० आली. ब्लंटने त्या चित्रावरही १९३७ मध्येच टीका केली होती. सामान्य माणसाला ते कळणार नाही, असे त्याला वाटत होते. १९६९ साली 'गेर्निका'वर आदराने लिहिलेले पुस्तक त्याच ब्लंटच्या नावावर प्रसिद्ध झाले. मत बदलण्यास त्याला तीस वर्षे लागली. पण तो त्या चित्राकडे पुन:पुन्हा परतला, हे त्याच्या खाती जमा केले पाहिजे.

१९३८ च्या अखेरीस ते चित्र लंडनच्या पूर्व भागात, व्हाइटचॅपेलच्या कामगारवस्तीत नेण्यात आले. तेथे मात्र हजारोंनी लोक आले. प्रवेशशुल्क म्हणून आघाडीवरील सैनिकांना चालतील असे बूट आणावेत, असे त्यांना सांगितले होते, आणि त्यांनी आणलेले बूट चित्राखाली रांगेने मांडून ठेवीत, असे सांगतात.